माझ्या नावाचा गीझर

चंदीगड
१७ नोव्हेंबर २००३

चि. आदित्य,

आशीर्वाद नेहमीचेच. ते रागावर अवलंबून नसतात म्हणून लिहिले, नाहीतर आज त्या शब्दावर हात अडला होता.

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकला असशील. फोन तू उचलत नाहीस आणि ई-मेल करायचा तर कुठून करू? पत्ताच तू विकून बसलायस. गुरगावला टपाल येतं असं ऐकते, म्हणून हा कागद.

काल रविवार. चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले, माझं नाव आणि पुढे डॉट कॉम असं टाइप केलं, तर समोर पांढराशुभ्र गॅस गीझर! शेजारी ओल्या केसांची एक बाई दात काढून हसतेय. वर लिहिलंय, ‘सरोज, सर्दियों की सहेली’. माझे नववीचे रसायनशास्त्राचे धडे गेले. महाराष्ट्र मंडळातल्या पोरांसाठी लिहिलेल्या मराठी गोष्टी गेल्या. आणि सगळ्यात वर लाल अक्षरांत जी सूचना होती, ती तर पहिल्यांदा गेली असणार. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. म्हणून तुला फोन लावला. तू उचलला नाहीस, तेव्हा कळलं की बिघडलेलं नाही, तू केलेलं आहे.

तुझे बाबा म्हणतात, ‘अगं, त्याच्या लक्षात नसेल तुझं त्यात काय होतं ते.’ लक्षात नसेल तर पुन्हा सांगते, सगळं पहिल्यापासून.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला तू ही साइट भेट दिलीस. ‘आई, तुझ्या नावाचं घर आहे इंटरनेटवर, कायमचं,’ असं म्हणालास. कार्ड तुझं, म्हणून नोंदणी तुझ्या नावावर. मी म्हटलं, असू दे, लेकाच्या नावावर असलं काय नि माझ्या असलं काय. आणखी एक सोय तू केलीस. त्या साइटच्या ई-मेल पत्त्यात ‘@’च्या आधी कुणी काहीही लिहिलं तरी पत्र माझ्याकडे यायचं. ‘कुणी स्पेलिंग चुकवलं तरी तुझं पत्र हरवणार नाही,’ म्हणालास. फार कौतुक वाटलं होतं तेव्हा.

मग पिंजौरच्या त्या नरेश गर्गने गीझर काढले आणि त्यांना स्वतःच्या आईचं नाव दिलं. आईचं नाव सरोज. त्याच्या कंपनीचा खरा ई-मेल पत्ता खोक्यावर छापलेला आहे, पण तो एवढा लांबलचक की आंघोळ करून गारठलेला माणूस तो कशाला बघत बसेल? लोक सरळ ‘सरोज’ लिहायचे आणि माझ्या दारात यायचे. मला वाटलं होतं, एक-दोन पत्रं येतील. हिवाळा लागला तशी रीघच लागली. ज्योत विझते. पाणी कोमट येतं. मेकॅनिक येत नाही. मी प्रत्येकाला लिहायची, ‘मी गीझर विकत नाही, शाळेत शिकवते, तुमची कंपनी पिंजौरला आहे.’ तुला हसू यायचं. फोनवर ‘काय गीझरवाल्या बाई?’ म्हणायचास.

पण त्यातच दुसरी पत्रं होती, त्यांना तू हसला नाहीस आणि मीही नाही. आंघोळीनंतर डोकं दुखतं. मुलीला चक्कर आली. आई बाथरूममध्ये पडली, डॉक्टर म्हणतात बीपी. एवढीशी बाथरूम, बंद खिडकी, आत पेटलेला गॅस आणि धूर बाहेर काढायला पाइप नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, हे मी नववीला वर्षानुवर्षं शिकवते. माणूस गुदमरत नाही, नुसता पेंगतो आणि मग उठत नाही. ते मी लाल अक्षरांत हिंदी, इंग्रजी, मराठी तिन्हींत लिहिलं. खिडकी उघडी ठेवा, गीझर बाहेर लावा, बादली भरून घ्या, ज्योत बंद करा आणि मगच आत जा. चार ओळी होत्या रे. त्या चार ओळींसाठी मी ती साइट धरून बसले होते.

गणपतीत तू आला होतास, तेव्हा गर्ग आला. पिस्ता बर्फीचा डबा त्याने गणपतीपुढे ठेवला, नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बहनजी, मेरी माँ का नाम भी सरोज था. नाम तो माँ का है, आप दे दो, आपको खुश कर देंगे.”

मी म्हटलं, “माँ का नाम है तो पहले पाइप लगाइए. धुआँ बाहर जाना चाहिए.”

“पाइप लगाएँगे तो दाम बढ़ेगा जी. फिर खरीदेगा कौन?” हे तो हसत हसत म्हणाला. तू तिथेच मोदक खात बसला होतास. हे वाक्य तू ऐकलंस, आदित्य. मग मी त्याला डब्यासकट वाटेला लावलं आणि तू मला म्हणालास, “इट्स जस्ट अ नेम, यार.” आईला ‘यार’ म्हणालास. त्याच रात्रीची बस धरून गेलास, ते आजतागायत.

बरं, नाव गेलं. खड्ड्यात जाऊ दे नाव. माझं एकच काम कर. पिंजौरहून मीनाक्षी नावाच्या मुलीची पत्रं मला येत होती. आटाचक्कीच्या वरच्या मजल्यावर राहतात. लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. तिची सासू आंघोळीनंतर दोनदा खाली बसली. मी तिला लिहिलं की खिडकी ताबडतोब उघड, बीजींना, म्हणजे तिच्या सासूला, बादलीनेच आंघोळ करू दे, आणि बाथरूम केवढी आहे, गीझर कुठे टांगलाय, ते मला कळव. घराचा पत्ताही पाठव, मी येऊन बघते. तिने उत्तर दिलं असणारच, ती लगेच उत्तर देणारी आहे. ते आता त्या गर्गकडे पडलंय. तेवढं एक पत्र मला मिळवून दे.

पैसे तुझे तुला लखलाभ. मला ते पत्र हवंय.

आई

चंदीगड
८ डिसेंबर २००३

आदित्य,

तुझं उत्तर मिळालं. मला नव्हे, बाबांना, त्यांच्या ऑफिसच्या ई-मेलवर. ते त्यांनी छापून आणलं आणि भाजीच्या पिशवीखाली ठेवून दिलं. मी कोथिंबीर निवडताना सापडलं.

तर साइट कायद्याने तुझी. मान्य. कंपनी केस करणार होती, आपण सगळे कोर्टाच्या फेऱ्या मारत बसलो असतो, त्यातून तू मला वाचवलंस. वा! उपकारच म्हणायचे. आणि ‘आईला लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची सवयच आहे’ हे वाक्य तू बाबांना लिहिलंयस. ते त्यांनी पेनने खोडलं होतं, पण खालचं दिसतं. केंद्र सरकारची इतकी वर्षं नोकरी केली, साधं खोडता येत नाही या माणसाला!

आणि मीनाक्षीचं पत्र? त्याबद्दल अवाक्षर नाही.

तुझ्या त्या कागदावरून दुसरंही कळलं. ‘बाबा, तुम्ही हो म्हणालात म्हणून मी सही केली.’ म्हणजे बाबांना माहीत होतं! माझ्याच घरात, माझ्याच ताटाला ताट लावून जेवणाऱ्या माणसाला माहीत होतं. मी विचारलं. म्हणाले, “त्याची नोकरी गेली होती गं. कंपनीच बंद पडली. घराचे हप्ते थकले होते. तुला सांगू नका म्हणाला.” मला सांगू नका! मी काय तुझ्यावर हसले असते? नोकरी गेली म्हणून आईच्या कुशीत रडायचं असतं, आईला विकायचं नसतं. हे लिहिताना मला रडू येतंय आणि त्याचाही राग येतोय.

पैसे हवे होते तर माझ्या बांगड्या होत्या. एक शब्द टाकला असतास तर मी त्या काढून तुझ्या हातात ठेवल्या असत्या. ते तुला कमीपणाचं वाटलं. हे नाही वाटलं.

गेला आठवडाभर मी बाबांशी बोलत नाही. दुधी भोपळा रोज. तेही खातात निमूटपणे, जाऊ दे.

शनिवारी शाळा सुटल्यावर बस धरून पिंजौरला गेले, गर्गच्या कारखान्यात. चहा, बिस्किटं, ‘आओ जी, बहनजी’ सगळं झालं. भिंतीवर त्याच्या आईचा फोटो आहे, हार घातलेला. बाई साधी दिसते बिचारी. तिला कुणी विचारलं होतं की तुझं नाव कशावर डकवू?

मी म्हटलं, मीनाक्षी नावाच्या मुलीचं पत्र आलं असेल, ते मला दाखवा, नाहीतर निदान तिचा पत्ता द्या.

“बहनजी, वो तो कंपनी की डाक है. बाहर कैसे दे दें?”

“उसकी सास की जान का सवाल है.”

“आप टेंशन मत लो जी. हमने लड़की रखी है दफ़्तर में. एक-एक को जवाब जाता है. कोई शिकायत नहीं, सब कस्टमर खुश हैं.”

मी विचारलं, काय उत्तर जातं? तर म्हणाला, “जो ठीक है, वही.” मी म्हटलं, जरा दाखवा तरी. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. फोनवर बोलत बोलतच तो मला दारापर्यंत घेऊन आला. जाता जाता काय म्हणाला माहीत आहे? “आपके बेटे ने तो कहा था, मम्मी का टाइमपास है.”

तिथून पिंजौरमध्ये पायी फिरले. त्या गावात आटाचक्क्या किती असतील याची मला कल्पना नव्हती. दोन ठिकाणी विचारलं, “वर मीनाक्षी राहते का?” पहिल्याने मला जनगणनेवाली समजून आत बसवलं, दुसऱ्याने वीजचोरी पकडणारी समजून दार लावलं. अंधार पडला आणि बस निघायची वेळ झाली.

त्या पोरीला काय उत्तर गेलं असेल, या विचाराने माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तू त्यांचा माणूस आहेस, तुझ्या शब्दाला तिथे किंमत आहे. एक फोन कर. आईसाठी नको करूस. माणूस म्हणून कर.

आई

चंदीगड
२७ डिसेंबर २००३

आदित्य,

चेक परत पाठवते आहे. फाडलेला नाही, तेवढी अक्कल मला आहे. ‘तुझा अर्धा वाटा’ असं त्यावर चिठ्ठी लावून लिहिलंयस. कशातला वाटा? मी पत्र मागितलं तर तू चेक पाठवलास. भुकेल्याला चप्पल द्यावी तसं झालं हे.

फोन केला होता आणि गर्ग ‘देखते हैं’ म्हणाला, असंही लिहिलंयस. झालं? सुटलास?

इथे धुकं असं आहे की समोरचा पार्क दिसत नाही. सूर्य आठवडाभर आलेला नाही. अशा दिवसांत लोक बाथरूमच्या फटींत कापड कोंबतात. वर्तमानपत्रात परवा बातमी होती, झिरकपूरला नवराबायको बाथरूममध्ये मेलेले सापडले, बातमीत कारण ‘थंडी’ लिहिलंय. कुठल्या कंपनीचा गीझर, ते नाही लिहिलं. मी ती बातमी वाचून ताटावरून उठले. बाबा मागून आले आणि म्हणाले, “सरोज, माझं चुकलं.” मी म्हटलं, मला नका सांगू, पिंजौरला चला. ते म्हणाले, चल.

पण कुठल्या दारात जायचं आणि काय म्हणून जायचं? परक्या घरात शिरून त्यांची बाथरूम कशी बघायची? त्यावर मी विचार करते आहे. तू चिठ्ठीत लिहिलेल्या तुझ्या नव्या नोकरीचा विचार कर.

आई

चंदीगड
२१ जानेवारी २००४

आदित्य,

हे पत्र बसून नीट वाच. उभ्या उभ्या नको.

परक्या घरात शिरायचा एकच राजमार्ग आपल्या बायकांना ठाऊक आहे, तो मला संक्रांतीला आठवला. हळदीकुंकू. मंडळाच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, यंदा आपण एकमेकींच्याच घरी डबे-चमचे वाटत फिरायचं नाही. वाण घेऊन पिंजौरला जायचं. लीना म्हणाली, “अगं, तिथे ओळखीचं कोण आहे? पंजाबी बायकांना काय कळणार हळदीकुंकू?” मी म्हटलं, कुंकू सगळ्यांना कळतं आणि तीळ-रेवड्या तर त्यांच्या लोहडीच्या सणातही असतात. वाण म्हणून मी छोटे प्लास्टिकचे मग घेतले आणि प्रत्येकावर त्या चार ओळी हिंदीत चिकटवल्या. बाबांनी त्या सगळ्या झेरॉक्स करून कात्रीने कापल्या. लीनाने नाक मुरडलं, पण आली. बाकीच्याही आल्या. भरजरी साड्या, नथी, वर स्वेटर आणि पायांत मोजे घातलेल्या आम्ही सात-आठ जणी कालका रोडवर उतरलो, तेव्हा बसवाल्याला वाटलं लग्नाचं वऱ्हाडच आलंय.

आणि आदित्य, प्रत्येक दार उघडलं. एकीनेही हटकलं नाही. “आओ जी, बैठो जी.” मी कुंकू लावायची, मग म्हणायची, “ज़रा हाथ धो लूँ?” आणि बाथरूममध्ये जायची. कुठे खिडकीला पुठ्ठा, कुठे फटीत गोधडी. तुझ्या त्या सहेलीवर माझं नाव सोनेरी अक्षरांत. मी तिथेच पुठ्ठा काढायची, बाहेर येऊन त्या बाईला सांगायची. लीनासुद्धा तिसऱ्या घरापासून माझ्याआधी बाथरूममध्ये शिरायला लागली. दुपारपर्यंत आम्हाला रेवड्यांनी पिशव्या भरून मिळाल्या. बऱ्याच दिवसांनी मला जरा बरं वाटत होतं.

मग बाजारामागची आटाचक्की आली. वर जायला लोखंडी जिना. दार एका मुलीने उघडलं. बारीक चण, डोक्यावर ओढणी. मी तबक पुढे केलं आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, “मैं चंडीगढ़ से आई हूँ, मेरा नाम सरोज है.”

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. “सरोज जी? वो ई-मेल वाली सरोज जी?”

मीनाक्षी सापडली होती. मला एवढा आनंद झाला की मी तिचा दंडच धरला. म्हटलं, “बीजी कैसी हैं?”

ती बाजूला झाली. आतल्या खोलीत फोटो होता, नवा, हार ताजा. बीजी चोवीस डिसेंबरला गेल्या. सकाळी आंघोळीला गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. दार तोडावं लागलं.

मी तिथेच जिन्यात बसले. मी म्हटलं, “मैंने लिखा था न बेटा, खिड़की खोल दो?”

“खोली थी जी. पंद्रह दिन खुली रखी. बीजी को चक्कर भी नहीं आया.” ती रडत नव्हती, धडा म्हणून दाखवावा तसं सांगत होती. “फिर ठंड बढ़ी तो लौ बुझने लगी. मैंने आपसे पूछा. आपने जवाब दिया कि हवा से लौ बुझती है, खिड़की बंद रखो, गीझर बिल्कुल सेफ़ है, घबराने की कोई बात नहीं. नीचे आपका नाम था. तो मैंने बंद कर दी. अपने हाथ से बंद की जी.”

मी म्हटलं, “वो मैंने नहीं लिखा, मीनाक्षी. वो मैं नहीं थी.”

ती म्हणाली, “पर नाम तो आपका ही था.”

लीना मागे उभी होती, तिला काही कळत नव्हतं. हळदीकुंकवाचं तबक माझ्या हातात तसंच होतं आणि खाली चक्की चालू होती. त्या घरात सगळे त्या मुलीला बोल लावतात. खिडकी तिने लावली म्हणून. तिचा नवरा तिच्याशी बोलत नाही. ती माझ्याशीच काय ते बोलली, कारण तिला वाटलं, मी तरी तिची बाजू सांगेन.

मी सांगितली. त्याच जिन्यात, तिच्या नवऱ्याला वर बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. साइट माझी होती, माझ्या नावाने ती मुलगी माझ्याशी बोलत होती, मी सांगितलं ते तिने ऐकलं आणि तिची सासू त्या पंधरा दिवसांत ठणठणीत होती. मग ते नाव दुसऱ्याच्या हातात गेलं आणि त्यांनी तिला खिडकी लावायला सांगितलं. नवऱ्याने विचारलं, “नाम किसने बेचा?”

मी म्हटलं, “मेरे बेटे ने.”

तो एवढंच म्हणाला, “अच्छा.” शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

तुला वाटत असेल, आई रागावून लिहितेय. आदित्य, मी नोव्हेंबरमध्ये रागावले होते. डिसेंबरमध्ये रागावले होते. राग म्हणजे पोराने समजून घ्यावं अशी आशा असते त्यात. आता माझ्याकडे तेवढंही नाही. एक म्हातारी बाई माझ्या नावावर विश्वास ठेवून मेली, आणि ते नाव तू गर्गला दिलंस, पाइप लावणार नाही हे त्याच्याच तोंडून ऐकल्यावर दिलंस. मोदक खात ऐकलंस.

परवा, शुक्रवारी, मी, मीनाक्षी आणि तिचा नवरा पिंजौरच्या पोलीस ठाण्यात जाणार आहोत. तिथे नाही घेतलं तर ग्राहक मंचात, तिथे नाही तर आणखी वर. तुझे बाबा बरोबर आहेत. त्यांनी ऑफिसात रजा टाकली आहे.

पहिला प्रश्न येईल, सरोज कोण? मी सांगेन, मी. दुसरा येईल, हे नाव कंपनीकडे गेलं कसं? तेव्हा मी तुझं नाव सांगणार आहे आणि हाच तुझा गुरगावचा पत्ता देणार आहे. तू स्वतः येऊन गर्गचं ते वाक्य सांगितलंस तर साक्षीदार म्हणून उभा राहशील. आला नाहीस तर कोण म्हणून उभा राहशील, ते ठरवणारे दुसरे असतील.

मीनाक्षीची सासू गेली, आणि तिने ज्या हाताने खिडकी लावली तो हात ती सारखा ओढणीत लपवते. मी तुला वाचवायला गेले तर तो हात तिला जन्मभर लपवावा लागेल. माझ्याकडून ते होणार नाही.

शुक्रवार, सकाळी अकरा. बसने येणार असशील तर पिंजौरच्या बाजारात उतर, मी ठाण्याच्या दारात उभी असेन.

सरोज रघुनाथ कर्णिक